कच्छच्या रणाची हद्द लवादाने ठरवली, मग सर खाडी का उरली?

प्रश्न असा आहे: कच्छच्या रणावरून भारत आणि पाकिस्तान १९६५ साली लढले, १९६८ साली आंतरराष्ट्रीय लवादाने हद्द ठरवून दिली आणि दोन्ही देशांनी ती प्रत्यक्ष जमिनीवर आखूनही घेतली, मग त्याच रणाच्या पश्चिम टोकाला असलेली, जेमतेम ९६ किलोमीटर लांबीची सर खाडी अजून वादात का आहे? त्याला जोडून दुसरा प्रश्न असा, की या सीमेच्या घडणीत लढाईचा वाटा किती आणि वाटाघाटींचा किती. हद्दींचे जुने ठराव, मोजणीचे नकाशे आणि निवाडे वाचण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

खाडी उरली, कारण ती लवादापुढे गेलीच नाही. मुंबई सरकारच्या १९१४ च्या ठरावाने तिथली हद्द ठरलेली आहे, असे त्या वेळी दोन्ही पक्षांनी लवादापुढे मान्य केले होते. ठराव दोघांनाही मान्य होता आणि आजही आहे. भांडण आहे ते त्याच्या वाचनावर. जमिनीच्या दाव्यांत ज्यांनी थोडेफार काम केले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. खरेदीखत दोघांनाही कबूल असते, पण त्यातली चतुःसीमा प्रत्येक जण आपल्या सोयीने वाचतो.

आधी जागा समजून घेतली पाहिजे. रण ही नेहमीच्या अर्थाने जमीन नाही आणि समुद्रही नाही. पावसाळ्यात ते खाऱ्या-गोड्या पाण्याखाली जाते आणि पाणी आटले की मिठाची पांढरी खपली धरलेले सपाट मैदान उरते. मधूनमधून थोडे उंचवटे आहेत, त्यांवर गवत उगवते आणि त्यांना तिथे ‘बेट’ म्हणतात: छाड बेट, बियार बेट. मराठी वाचकाला हा शब्द समजावून सांगायला नको, पण वर्षातले काही महिने ही बेटे शब्दशः बेटे असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. या गवतावर सिंधच्या बाजूची गुरे चरायला येत. पुढे आंतरराष्ट्रीय लवादाने ज्या तुकड्यांवर सर्वांत जास्त काथ्याकूट केला, ती मुळात गायराने होती.

हा भूभागसुद्धा काही अंशी युद्धाने घडवलेला आहे. १७६२ मध्ये झाऱ्याच्या लढाईत सिंधच्या गुलाम शाह कल्होराने कच्छच्या सैन्याशी टक्कर घेतली आणि त्यानंतर सिंधू नदीच्या पूर्वेकडच्या फाट्यावर बांध घालून कच्छकडे येणारे गोडे पाणी अडवले. लखपतच्या परिसरातली भातशेती त्यामुळे बसली. उरलेसुरले काम १८१९ च्या जूनमधल्या भूकंपाने केले. त्यात ‘अल्लाह बंद’ नावाने ओळखला जाणारा लांबलचक उंचवटा वर आला, सिंद्रीचा किल्ला पाण्याखाली गेला आणि नदीचा तो फाटा खाडीपुरता उरला. नदी असती तर हद्दीचे काम सोपे झाले असते असे मी म्हणणार नाही, पण ज्या पाण्याला वरून प्रवाह नाही आणि जे केवळ भरती-ओहोटीवर जगते, त्याचे पात्र दर काही वर्षांनी जागा बदलते, आणि सर खाडीचे नेमके तेच झाले आहे.

आता कागदाकडे. इंग्रजांनी सिंध १८४३ मध्ये जिंकला, तो पुढे मुंबई इलाख्याला जोडला गेला आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत त्याच इलाख्यात राहिला. कच्छ हे संस्थान. पण १९२४ पर्यंत त्याचा राजकीय कारभारही मुंबई सरकारमार्फतच चाले. म्हणजे ज्या हद्दीवर पुढे दोन देशांनी रणगाडे आणले, ती हद्द त्या काळी मुंबईतल्या एकाच सरकारच्या दोन फायलींमधली होती. १९०८ च्या सुमारास खाडीच्या काठावरच्या लाकूडफाट्यावरून सिंधचे अधिकारी आणि कच्छचे लोक यांच्यात तंटा झाला आणि प्रकरण मुंबईला आले, असे सांगितले जाते. सिंधचा दावा पूर्वेकडच्या कोरी खाडीपर्यंत, तर कच्छच्या महारावांचा दावा पश्चिमेला बराच आत होता. तडजोड म्हणून मधली सर खाडी धरण्यात आली आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी ठराव निघाला.

या ठरावाचे दोन परिच्छेद सोबतचा नकाशा समोर ठेवून वाचले पाहिजेत. नवव्या परिच्छेदात म्हटले आहे, की हद्द खाडीच्या मुखापासून डोक्यापर्यंत नकाशावरच्या हिरव्या रेघेने जाईल आणि तिथून निळ्या ठिपक्यांच्या रेघेने सरळ पूर्वेला वळेल. नकाशावर ही हिरवी रेघ खाडीच्या पूर्व काठाने काढलेली दिसते. पाकिस्तानचे म्हणणे इथेच संपते: रेघ पूर्व काठाला आहे, म्हणून अख्खी खाडी सिंधची. पण दहाव्या परिच्छेदात सिंधच्या कमिशनरचे मत नोंदवले आहे. सर खाडी आपला मार्ग वेळोवेळी बदलते, त्यामुळे हद्दीचे वर्णन ‘नौकानयनयोग्य पात्राचा मध्य’ असे करावे, असा त्याचा आशय आहे. भारत हा परिच्छेद पुढे करतो आणि त्याच्या जोडीला १९२४ साली उभारलेले हद्दीचे खांब आणि १९२५ चा नकाशा दाखवतो, ज्यात हद्द पात्राच्या मध्यातून गेलेली आहे. त्यावर पाकिस्तानचे उत्तर असे, की पात्रमध्याचा नियम नौकानयनयोग्य पाण्यालाच लागू होतो आणि सर खाडी तशी नाही. भारत म्हणतो, भरतीच्या वेळी त्यात मासेमारीच्या बोटी खुशाल चालतात.

मला स्वतःला दहावा परिच्छेद निर्णायक वाटतो. नवव्यात रेघ आहे आणि दहाव्यात ती रेघ कशी समजायची याचे कारण दिले आहे. कारण देणारा मजकूर नकाशावरच्या रंगापेक्षा वजनदार धरावा, अशी वाचनाची साधी रीत आहे. शिवाय त्या प्रमाणाच्या नकाशावर ब्रशच्या एका फटकाऱ्याची जाडीच प्रत्यक्षात बरीच जागा खाते. पण प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की ज्याने ठराव लिहिला त्याने दोन विसंगत वर्णने एकाच कागदावर ठेवली, आणि समोरच्या पक्षाच्या वकिलाला तेवढे पुरते. हद्द दोन देशांत जाईल, असे १९१४ साली मुंबईच्या सचिवालयात कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

फाळणीनंतर पहिला वाद उठला तो खाडीवर नव्हे, रणावर. १९४८ च्या जुलैत पाकिस्तानने कळवले, की सिंध-कच्छ हद्द अद्याप वादग्रस्त आहे. पुढे त्याचा दावा स्पष्ट झाला: २४ अक्षांशाच्या उत्तरेकडचे रण, सुमारे ३,५०० चौरस मैल. रण हा मुळात भूवेष्टित समुद्र किंवा सरोवर आहे, म्हणून पाण्याच्या नियमाप्रमाणे हद्द मधून जायला हवी, हा त्यामागचा युक्तिवाद होता. भारताचे म्हणणे, की रण ही दलदलीची का होईना जमीन आहे, ती पूर्वापार कच्छची आहे आणि हद्द रणाच्या उत्तर कडेने जाते. १९५६ च्या फेब्रुवारीत छाड बेटावर चकमक झाली आणि भारतीय लष्कराने ते परत ताब्यात घेतले. (त्याच वर्षी नोव्हेंबरात कच्छ द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पर्यंत तिथेच राहिले, म्हणजे साडेतीन वर्षे ही सीमा पुन्हा एकदा मुंबईच्या हद्दीत होती.) १९६० च्या जानेवारीत पश्चिम सीमेवरचे बहुतेक वाद दोन मंत्र्यांच्या बैठकीत मिटले, कच्छचा तेवढा ‘आणखी माहिती गोळा करू’ म्हणून मागे ठेवला गेला.

१९६५ च्या जानेवारीत कंजरकोटच्या परिसरात पाकिस्तानी गस्तीचा माग लागला. ९ एप्रिलच्या पहाटे पाकिस्तानच्या एका ब्रिगेडने सरदार पोस्ट या भारतीय चौकीवर हल्ला केला. तिथे लष्कर नव्हते. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या दोन तुकड्या होत्या आणि त्यांनी तो हल्ला थोपवून धरला. ते दल आजही ९ एप्रिल हा शौर्य दिन म्हणून पाळते. एप्रिल संपता संपता बियार बेटाच्या आसपास पाकिस्तानने अमेरिकन पॅटन रणगाडे उतरवले. पाकिस्तानच्या बाजूने बादीनचे रेल्वेस्थानक आणि विमानतळ रणाच्या कडेला अगदी जवळ; भारताच्या बाजूने भुजपासून पुढे लांबच लांब खारट सपाटी. लढायला ही जागा भारताला गैरसोयीची होती, आणि पावसाळा तोंडावर असल्याने इथे मोठे सैन्य अडकवण्यात काहीच हशील नव्हते. लालबहादूर शास्त्रींनी मोठी लढाई इथे न करण्याचा निर्णय घेतला, तो मला अचूक वाटतो.

ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी मध्यस्थी केली आणि ३० जून १९६५ रोजी करार झाला. त्यातली बारीक कलमे वाचण्यासारखी आहेत. दोन्ही सैन्ये १ जानेवारी १९६५ च्या स्थितीला परतणार. छाड बेटावरची चौकी भारतीय पोलिसांनी आधीइतक्याच संख्येने पुन्हा धरायची. डिंग ते सुराई या मार्गावर पाकिस्तानी पोलिसांना आधीइतकीच गस्त घालता येणार. लष्कर मागे आणि पोलीस पुढे, अशी ही रचना होती. त्यापुढचे कलम मोठे: आधी मंत्र्यांनी बोलायचे, ते फसले तर तीन सदस्यांचा लवाद, त्यांतला कोणीही या दोन देशांचा नागरिक नसेल आणि त्याचा निर्णय बंधनकारक असून कोणत्याही कारणाने त्याला आव्हान देता येणार नाही.

या करारातून रावळपिंडीत चुकीचा धडा घेतला गेला, असे माझे मत आहे आणि अनेक अभ्यासकांचेही तेच आहे. छोटी लढाई, मग बाहेरच्याची मध्यस्थी, मग लवाद, हा मार्ग कच्छमध्ये चालला म्हणून काश्मीरमध्येही चालेल, असा हिशेब झाला. ऑगस्टमध्ये काश्मिरात घुसखोर आले, मंत्र्यांची ठरलेली बैठक रद्द झाली आणि सप्टेंबरात पूर्ण युद्ध पेटले. नवल हे, की एवढे होऊनही कच्छचा लवाद मोडला नाही. युद्धानंतरचा ताश्कंद करार १० जानेवारी १९६६ चा. पुढच्याच महिन्यात जिनिव्हात लवाद बसला. अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन, भारताने नेमलेले युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर आणि पाकिस्तानने नेमलेले इराणचे नसरुल्लाह एन्तेझाम. भारताच्या वतीने युक्तिवाद करणाऱ्यांत नानी पालखीवाला होते. शेकडो नकाशे आणि हजारो पानांचे कामकाज झाले, आणि यातले बरेचसे पुरावे जुन्या मुंबई इलाख्याच्या दप्तरांतून आलेले होते.

१९ फेब्रुवारी १९६८ चा निवाडा दोन विरुद्ध एक असा झाला. वादातल्या प्रदेशापैकी सुमारे नव्वद टक्के भारताला आणि सुमारे ३५० चौरस मैल पाकिस्तानला मिळाले. बेबलर यांनी संपूर्ण भारताच्या बाजूने वेगळे मत दिले. रण हे पाणी आहे, हा पाकिस्तानचा युक्तिवाद टिकला नाही. इंग्रज सरकारने आपल्याच नकाशांत आणि अहवालांत वर्षानुवर्षे रण कच्छचे म्हणून दाखवले, महारावांना तसे वागू दिले, त्यामुळे सिंधला आता उलटे बोलता येणार नाही, असे बहुमताने धरले. आपल्याकडच्या भाषेत, कागद कच्छचा होता.

मग दहा टक्के का गेले? कंजरकोट, धारा बन्नी आणि छाड बेट इथे वहिवाट सिंधची होती. तिथे गुरे सिंधच्या लोकांची चरत आणि कारभाराचा हातही सिंधच्याच बाजूचा जास्त दिसत होता. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि जमीन कसतो दुसरा, या तंट्यात न्यायाधीश काय करतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तो भाग मला कायद्याच्या कक्षेत बसणारा वाटतो. खटकते ते दुसरेच. सिंधमधल्या नगरपारकरच्या दोन्ही बाजूंना रणाचे दोन चिंचोळे फाटे सिंधच्या आत शिरतात. ते भारताचे ठरले तर पाकिस्तानच्या जमिनीत परकी जिभा घुसल्यासारखे होईल आणि तंटे वाढतील, म्हणून शांतता आणि स्थैर्याचा विचार करून ते पाकिस्तानला दिले गेले. इथे वहिवाटीचा पुरावा नव्हता, कागदही नव्हता. हा व्यवहारी शहाणपणा होता. लवादाला शहाणपण दाखवायला बोलावले होते की हक्क ठरवायला, हा प्रश्न त्या वेळी भारतात विचारला गेला आणि तो रास्त होता.

देशात मोठा गदारोळ झाला, सत्याग्रह झाले, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मगनभाई ईश्वरभाई पटेल विरुद्ध भारत सरकार, निर्णय ९ जानेवारी १९६९. अर्जदारांचे म्हणणे, की पश्चिम बंगालमधल्या बेरूबारीचा भाग पाकिस्तानला द्यायचा होता, त्या वेळी प्रदेश देण्यासाठी घटनादुरुस्ती लागते असे न्यायालयानेच १९६० साली सांगितले होते, मग इथेही ती हवी. अर्जदारांत मूळचे पुण्याचे आणि तेव्हा बिहारमधल्या मुंगेरचे खासदार असलेले मधु लिमये होते. न्यायालयाने निकालपत्रात नोंदवले आहे, की सर्व अर्जदारांपैकी एकट्या लिमयांनी त्या भागात जाऊन वस्तीची शक्यता पाहण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यांना परत पाठवले गेले. अर्ज फेटाळले गेले. स्वतःचा निर्विवाद प्रदेश देणे वेगळे आणि हद्द कुठे आहे याचा वाद मिटवणे वेगळे. दुसऱ्याला घटनादुरुस्तीची गरज नाही, हे तत्त्व तिथे स्थिरावले. १९६९ मध्येच खांब रोवून रेघ पूर्ण झाली आणि ती तेव्हापासून शांत आहे.

लवादाची रेघ सुरू झाली ती निळ्या ठिपक्यांची रेघ जिथे संपते तिथून पूर्वेकडे. तिच्या मागचा, म्हणजे खाडीचा आणि निळ्या रेघेचा तुकडा, ‘वाद नाही’ म्हणून बाहेर राहिला. त्या काळी या चिखलाला किंमत नव्हती. ती आली समुद्राच्या कायद्यामुळे. १९८२ च्या करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या आर्थिक क्षेत्रावर हक्क मिळतो, आणि दोन शेजाऱ्यांमधली समुद्रातली रेघ जमिनीवरच्या हद्दीच्या शेवटच्या बिंदूपासून सुरू होते. तो बिंदू पूर्व काठाला धरला की पात्रमध्याला, यावर समुद्रातला मोठा त्रिकोण इकडचा तिकडे होतो. त्यात मासळी आहे आणि तेल-वायूची आशा आहे. भारताने या करारावर १९९५ मध्ये आणि पाकिस्तानने १९९७ मध्ये शिक्कामोर्तब केले. त्याच सुमारास, १० ऑगस्ट १९९९ रोजी, कारगिलच्या धुरळ्यात भारतीय हवाई दलाने या भागात पाकिस्तानी नौदलाचे अटलांटिक विमान पाडले आणि त्यातले १६ जण ठार झाले. पाकिस्तान हेगच्या न्यायालयात गेला. २१ जून २००० रोजी त्या न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्र नाही असे सांगितले.

खाडीवर २०१२ पर्यंत चर्चेच्या बारा फेऱ्या झाल्या. २००७ च्या सुरुवातीला दोन्ही देशांच्या मोजणी पथकांनी खाडीची आणि लगतच्या समुद्राची एकत्र पाहणी करून नकाशे एकमेकांना दिले. इतके काम हाताशी असताना तडजोड का होत नाही, याचे कारण पुन्हा १९६८ मध्ये आहे. पाकिस्तानला तिसऱ्यापुढे जायला आवडते. भारताला १९७२ च्या सिमला करारानंतर दोघांतच बोलायचे असते आणि नगरपारकरच्या त्या दोन फाट्यांची आठवण दिल्लीत पुसली गेलेली नाही. भारत लवादाला सरसकट घाबरतो, हे मात्र खरे नव्हे. बांगलादेशाशी बंगालच्या उपसागरातल्या हद्दीचा निवाडा ७ जुलै २०१४ रोजी लागला, वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला गेले, आणि भारताने तो निमूट पाळला.

माझ्या मते व्यवहार्य वाट भारतानेच मांडलेली आहे: आधी समुद्रातून आत यावे. खोल पाण्याकडून किनाऱ्याच्या दिशेने, जिथवर दोघांचे जमते तिथवर रेघ आखावी आणि खाडीच्या मुखाजवळचा थोडा पट्टा नंतरच्या चर्चेसाठी सोडावा. जमिनीचा बिंदू ठरल्याशिवाय समुद्राला हात लावायचा नाही, हा पाकिस्तानचा आग्रह कायद्याच्या पुस्तकात बरोबर असेलही, पण त्याने एकही बोट वाचत नाही.

त्या बोटींवर आपली माणसे आहेत. ओखा आणि पोरबंदरच्या बोटींवर पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातले आदिवासी खलाशी हंगामभर कामाला जातात. तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, मासळीच्या मागे जातो, जाळे ओढता ओढता बोट वाहवते, आणि पाण्यावर खांब नसतात. पकडलेल्यांच्या याद्या दोन्ही सरकारे दर १ जानेवारीला आणि १ जुलैला एकमेकांना देतात. दरम्यान खाडी आपले पात्र पूर्वीसारखेच सरकवत असते, आणि २००७ चे नकाशे पुन्हा कधी टेबलावर आले, तर बोलणी सुरू करण्याआधी पहिले काम नव्या मोजणीचेच करावे लागेल.